झेनन कुरिलुकचा हात

थंडी उणे पस्तिसाच्या खाली उतरली की आमच्या व्हेर्बा गावातली माणसं दाराच्या फटीत चिंध्या कोंबतात, पडदे ओढून घेतात आणि कुणी मेल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. झेनन कुरिलुक मात्र अशा दिवशी सकाळी उठून गुळगुळीत दाढी करायचा. ताज्या दाढीवर असली हवा लागली की गाल सोलून निघतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी करायचा. मग लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड, फेल्टचे बूट, वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोट असा सगळा जामानिमा करून तो ट्रकमध्ये बसायचा आणि मालगाड्यांचे फोटो काढायला निघायचा.

गावात आता रूळ नव्हते. त्यासाठी त्याला बर्फाच्या रस्त्यानं मेन लाइनपर्यंत जावं लागे. तिथं खडीचा रस्ता रुळांना ओलांडतो. फाटक नाही, झाड नाही, आडोसा म्हणून नाही. ट्रक चालूच ठेवायचा, कारण त्या थंडीत एकदा बंद केला की वसंत ऋतूतच सुरू होणार. कॅमेरा जुना, लोखंडी, बॅटरी नसलेला. नवे कॅमेरे असल्या हवेत दहा मिनिटांत डोळे मिटतात. कॅमेऱ्याच्या मागच्या पत्र्यावर त्यानं कापडी चिकटपट्टी लावली होती, नाहीतर नाकाची कातडी त्याला चिकटून राहते. फोटो काढताना श्वास रोखायचा, कारण श्वास सोडला की काचेवर बर्फ. आणि फिल्म पुढे सरकवायची ती अगदी हळू, झोपलेल्या बाळाच्या अंगाखालून दुपटं काढावं तशी. घाई केली तर त्या कोरड्या थंडीत फिल्मवर ठिणग्या उडतात आणि फोटोतल्या आकाशात भलत्याच विजा उमटतात.

एवढं सोसून मिळायचं काय? तर गाडी. थंडीत ब्रेकची हवा जागोजाग गळते, म्हणून गाड्या आखूड करतात. पण त्या दिवसांत इंजिनाचा धूर सरळ खांबासारखा वर उभा राहतो, हवेतल्या हिमकणांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य दिसतात, आणि चाकांचा चीत्कार गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येतो. झेनन विचारणाऱ्याला हेच सांगायचा. "उन्हाळ्यात काय, कुणीही काढेल फोटो. थंडीत इंजिन कसं जिवंत दिसतं!"

चर्चच्या हॉलमध्ये पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला जमलेल्या बायकांचा ह्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"जिवंत इंजिन म्हणे! लग्न केलं असतं तर घरातच एखादं मिळालं असतं, धूर सोडणारं," असं कुणीतरी म्हणायचं आणि पिठाळलेल्या हातांनी सगळ्या हसायच्या. झेननही हसायचा. स्टेफ्का तेवढी हसत नसे. ती त्याच्या धाकट्या भावाची बायको. आणि मेन लाइनवरच्या त्या गाड्यांपैकी काही तिचा नवरा नेस्टर चालवायचा, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं.

दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं त्याला सोळा वर्षं झाली होती.

त्या आधी झेनन गावच्या धान्यकोठाराचा कारभारी होता. रुळांच्या कडेला उभं असलेलं ते उंच लाकडी कोठार, वर गावाचं नाव, आणि खाली धान्य मोजून डब्यांत भरणारा झेनन. तिथं तो रेल्वेची एक रीत शिकला होता. गाडी समोरून जात असली की कामावरच्या माणसानं काम सोडून उभं राहायचं, चाकं न्याहाळायची, कुठं धूर निघत नाही ना, काही खाली घासत नाही ना ते बघायचं, आणि मग हात डोक्यावर उंच करून खाली आणायचा. म्हणजे, सगळं ठीक, निघा. गाडीवाले त्यावर दोन आखूड भोंगे देतात. म्हणजे, कळलं. लहानपणी नेस्टर त्या कोठाराच्या पायरीवर बसून थोरल्याचा हा हात बघत बसायचा. रेल्वेत जायचं वेड त्याला तिथंच लागलं. आई म्हणायची, ह्या पोराला झेननच्या हातानंच गाडीत बसवलं.

मग रेल्वे कंपनीनं आमच्या गावाकडची शाखेची लाइन बंद केली. रूळ उपटून गोळा करायला गाडी आली, आणि त्या गाडीच्या खिडकीत नेस्टर होता.

झेनन कोठाराच्या फलाटावर उभा होता. गाव सगळं मागं जमलं होतं. नेस्टर खाली उतरला आणि त्याच्याजवळ आला.

"मी उपटत नाही रे रूळ," तो म्हणाला. "मी फक्त गाडी ओढतोय. मी नाही म्हटलं असतं तर उद्या दुसरा आला असता."

"मग येऊ द्यायचा होता दुसरा! त्याला मी चार शिव्या घातल्या असत्या आणि रात्री जेवलो असतो. तू कशाला आलास? आईनं तुला ह्यासाठी वाढवलं?"

"घरी मुलं आहेत माझ्या, झेनन."

"असू देत. निघ."

"ऐकून तरी घे."

झेनननं ऐकून घेतलं नाही. त्यानं सगळ्या गावासमोर हात डोक्यावर नेला आणि खाली आणला. नेस्टर वळून इंजिनात चढला. दोन आखूड भोंगे झाले. पुढच्या उन्हाळ्यात कोठारही पाडलं. झेनन त्या दिवशी घराबाहेर आला नाही.

दोन हिवाळे असेच गेले, आणि मग त्याला अचानक फोटोंचा नाद लागला. नाद कसला, सोंग होतं ते. नेस्टरची पाळी कधी असते हे त्याला चर्चच्या हॉलमध्ये कानावर पडायचं. कडक थंडीत मेन लाइनवर दुसरं चिटपाखरू नसतं, त्यामुळे बघायला कुणी यायची भीती नाही. नेस्टरचा भोंगाही तो लांबून ओळखायचा. क्रॉसिंगसाठी दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा सगळेच देतात, पण नेस्टर शेवटचा लांब भोंगा जरा दाबत दाबत संपवायचा, बोलता बोलता आवाज खाली यावा तसा. गाडी समोरून जाई. खिडकीतून एक हात वर होई. झेनन कॅमेऱ्यामागून फोटो काढी, गाडी शेवटपर्यंत न्याहाळी आणि हात वर करून खाली आणी. सगळं ठीक, निघा. दोन आखूड भोंगे येत. एवढ्यावर दोघांचा हिवाळा निघायचा. घरी जाऊन तो फोटो धुवायचा आणि इंजिनाचा धूर किती छान आला आहे ते बघत बसायचा.

त्या वर्षी डिसेंबरात स्टेफ्कानं त्याला हॉलच्या दारात गाठलं.

"नेस्टरची शेवटची गाडी सहा जानेवारीला आहे. मग घरी बसणार तो."

"हं."

"हं काय? बैल आहेस का? त्या दिवशी पवित्र संध्याकाळ आहे, नाताळच्या आदली. पहिला तारा दिसायच्या आत आमच्या घरी यायचं. जेवायला."

"त्यानं सांगितलंय का?"

"त्यानं सांगितलं असतं तर मला असल्या थंडीत दारात उभं राहावं लागलं असतं का? तुमच्या आईनं दोन मुलगे घातले जन्माला आणि जीभ एकालाही दिली नाही."

झेनननं बुटाच्या टोकानं बर्फ उकरला. "मशरूम आणतो," तो म्हणाला. शरद ऋतूत वेचून मुरवत ठेवलेल्या त्या बरण्या तो कधी कुणाला देत नसे. स्टेफ्का काय समजायचं ते समजली आणि आत गेली. हॉलमध्ये ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली म्हणतात.

सहा जानेवारीला पारा उणे त्रेचाळीसवर होता. आमचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे सात जानेवारीला येतो, ऐन थंडीच्या भरात, पण इतकी थंडी म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हती. झेनन क्रॉसिंगवर पोचला तेव्हा ऊन पाठीमागून येत होतं आणि दोन्ही खोटे सूर्य जागेवर होते. शेजारच्या सीटवर मशरूमची बरणी, रुमालात बांधलेली. मनात त्यानं सगळं ठरवलं होतं. आता शेवटचा फोटो काढायचा, संध्याकाळी जेवायला जायचं, टेबलावर मेणबत्ती लागली की म्हणायचं, नेस्टर, माझं चुकलं. जेवणाआधी सगळे एकमेकांना माफ करतातच, त्यात आपलंही खपून जाईल.

चाकांचा चीत्कार ऐकू आला. मग भोंगा. शेवटचा लांब भोंगा खाली खाली येत संपला. झेनननं हातमोजा काढून कॅमेरा वर केला, आणि तेवढ्यात गाडीच्या मध्यावर कुठंतरी फट्‌ करून आवाज झाला, हवा सुटल्याचा. ब्रेकचा पाइप थंडीनं निखळला होता. सगळी गाडी किंचाळत, धडधडत आली आणि इंजिन बरोबर झेननच्या समोर येऊन उभं राहिलं. मध्ये बर्फानं भरलेला एक चर, बस्स.

इंजिनात नेस्टरबरोबर असलेली गार्ड मुलगी खाली उतरली, मोठा पाना खांद्यावर घेऊन डब्यांच्या कडेनं मागं चालत गेली. तिच्या पायांखाली बर्फ करकरत होता. मग तोही आवाज गेला.

नेस्टरनं खिडकी उघडली.

तो बाहेर वाकून बघत होता. रुळांकडे नव्हे, झेननकडे. त्याचा चेहरा म्हाताऱ्या वडिलांसारखा झाला होता. एवढ्या जवळून झेनननं तो इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. चर ओलांडायला कितीसा वेळ लागणार होता? पण इंजिन घरघरत होतं, बोलायचं तर ओरडून बोलावं लागलं असतं, आणि सोळा वर्षांनंतरचा पहिला शब्द ओरडून बोलायचा हे झेननच्या मनाला पटेना. संध्याकाळी नीट बसून बोलू, तो स्वतःला म्हणाला. मेणबत्तीपाशी. त्यानं श्वास रोखला आणि फोटो काढला. तोवर डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यामुळे त्याला खिडकीत नेस्टरचं डोकं तेवढं दिसलं, बाकी सगळं धूसर. मग फिल्म हळू, अगदी हळू सरकवली.

बऱ्याच वेळानं गार्ड परत आली आणि इंजिनात चढली. गाडी निघाली नाही. नेस्टर खिडकीतच होता. तो कशासाठी थांबला आहे हे झेननला कळलं नाही असं नाही. कळलं. पण पाय हलेनात, आणि अशा वेळी माणसाचं अंग त्याला येत असतं तेच करतं. झेननचा हात वर गेला आणि खाली आला.

 नेस्टर आत झाला. खिडकी बंद झाली. दोन आखूड भोंगे झाले आणि गाडी पुढे सरकली. झेनन शेवटच्या डब्यापर्यंत चाकं न्याहाळत उभा होता.

ट्रकमध्ये बसल्यावर तो हसला. बोटांना कळा येत होत्या, पण इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जंक्शनच्या गावात स्टेफ्काच्या घरी तो तारा दिसायच्या आधीच पोचला.

"आलास! मला वाटलं, रस्त्यावरूनच हात दाखवून परत जाशील," दार उघडत ती म्हणाली, आणि बरणी त्याच्या हातून हिसकावूनच घेतली.

टेबलावर सणाच्या रीतीप्रमाणे कापडाखाली गवत पसरलेलं होतं. गोल पावात मेणबत्ती. खसखस आणि मध घातलेली गव्हाची खीर, कुत्या, बीटचं सूप, मासे, कोबीच्या गुंडाळ्या, सगळे बारा पदार्थ. मुलं लांबच्या शहरांत, नातवंडांना ताप, म्हणून टेबल तिघांचंच होतं. आणि चौथं ताट नेहमीप्रमाणे घरातल्या मेलेल्यांसाठी. नेस्टरचा यार्डातून फोन येऊन गेला होता. पोचलो, ट्रक गरम झाला की निघतो, असं म्हणाला होता. झेनन आला का, असंही त्यानं विचारलं होतं.

"मी म्हटलं, अजून नाही. तर म्हणतो, येईल, आज येईल," स्टेफ्कानं सांगितलं.

तारा दिसला. स्टेफ्कानं मेणबत्ती लावली नाही, नेस्टर आल्यावर लावू म्हणाली. सूप दोनदा गरम केलं. झेनन मनातल्या मनात वाक्य घोळवत बसला होता. माझं चुकलं. साधे दोन शब्द, पण ते म्हणताना हातांचं काय करायचं हे त्याला ठरवता येईना.

मग फोन आला. नेस्टर यार्डाच्या मोकळ्या जागेत ट्रकशेजारी पडलेला सापडला होता. ट्रक गरम ठेवायची विजेची वायर खांबावरून काढून त्यानं हातात घेतली होती, ती तशीच हातात होती. थंडी आणि हृदय. आमच्याकडे हे दोघं मिळून दरवर्षी कुणाला तरी नेतात.

स्टेफ्कानं फोन खाली ठेवला. ती रडली नाही. टेबलाकडे आली आणि चौथ्या ताटाकडे बघत राहिली.

"दुपारी मांडलं मी हे," ती म्हणाली. "कुणासाठी मांडलं मी?"

झेननच्या तोंडून ते दोन शब्द तेव्हा निघाले. ऐकायला ती होती, पण तिच्यासाठी ते नव्हते.

कबर खणण्याआधी दोन दिवस जमिनीवर शेकोटी पेटत ठेवावी लागली. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. ती गार्ड मुलगी तिथं आली होती. ती झेननसमोर येऊन उभी राहिली.

"मिस्टर कुरिलुक, तुम्ही क्रॉसिंगवरचे ना? मी होते त्यांच्याबरोबर."

झेनननं मान हलवली.

"पाइप जोडून मी परत आले तेव्हा हवा भरलेली होती. निघता आलं असतं. मी गारठून मेले होते, म्हटलं, चला ना. तर म्हणाले, थांब जरा, भाऊ उभा आहे माझा." तिला पुढचं सांगावं की नाही कळेना. "मग तुम्ही हात केलात. तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे. थोरल्यानं निघ म्हटलं की निघायचं."

ती रडायला लागली. झेनननं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुला लागलं नाही ना थंडीत कुठं? बोटं ठीक आहेत?" 

फिल्म त्यानं वसंतापर्यंत धुतली नाही. स्टेफ्का विचारायची, तो टाळायचा. शेवटी बर्फ वितळून रस्त्यावर चिखल झाला तेव्हा एके दिवशी ती स्वतःच त्याच्या घरी येऊन बसली. म्हणाली, "माझा नवरा आहे त्यात. तुझ्या एकट्याचा नाही तो." तळघरातल्या लाल दिव्याखाली दोघांनी मिळून फोटो धुतला. भांड्यातल्या पाण्यात कागदावर आधी इंजिन आलं, मग धूर, मग खिडकी, मग नेस्टर. फोटो स्वच्छ आला होता. एकही वीज नव्हती.

नेस्टरच्या कोपराशी खिडकीच्या कडेवर दोन मग होते. दोन्हींतून वाफ सरळ वर जात होती. एनॅमलचे, काठाला टवके उडालेले. झेनननं भिंग लावलं आणि लगेच बाजूला ठेवलं. आईच्या स्वयंपाकघरातले होते ते. ती त्यांत दोघांना रासबेरीचा मुरंबा घातलेला चहा द्यायची.

"दोन का नेले त्यानं?" झेनननं विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर नको होतं.

"त्या दिवशी कुठले? तो नेहमीच दोन न्यायचा," स्टेफ्का म्हणाली. "हिवाळ्यात रोज. मी म्हणायची, दुसऱ्यात काय इंजिनाला पाजतोस? तर म्हणायचा, थंडीत गाड्या कुठंही थांबतात, एखाद्या दिवशी क्रॉसिंगवर थांबली तर असू दे."

ती गेल्यावर झेनननं जुन्या फोटोंचे खोके काढले. इतक्या वर्षांचे हिवाळे. बहुतेक फोटोंत काचेवर ऊन चमकलं होतं किंवा हिमानं नक्षी धरली होती. पण काहींत दिसत होतं. काचेच्या आतल्या कडेला दोन ठिपके. त्यानं त्या वर्षी तो धूरच बघितला होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

म्हाताऱ्यानं आता थंडीत जाणं सोडलं असेल असं गावाला वाटलं होतं. नाही सोडलं. पारा खाली उतरला की आजही तो दाढी करतो आणि क्रॉसिंगवर जाऊन उभा राहतो. कॅमेरा नेत नाही. गाडी येते, तो चाकं न्याहाळतो, शेवटच्या डब्यापर्यंत. नव्या ड्रायव्हरांना तो कोण ते ठाऊक आहे, ते खिडकीतून बघत राहतात, त्याच्या खुणेची वाट बघतात. झेनन दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभा असतो. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो ते बाहेर काढत नाही.